अलार्म कुठे लावावा?

पुण्यात गॅस गिझर बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम मी वर्षानुवर्षं करतो आहे. थंडी पडली की बंद बाथरूममध्ये कुणी गुदमरल्याची बातमी कानावर येते आणि जीव हळहळतो, कारण हे मृत्यू टाळता येतात. हल्ली काही घरांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दिसतो, त्याचं समाधान वाटतं. पण तो भलत्या जागी असेल तर घरातले निर्धास्त होतात आणि धोका मात्र तसाच राहतो. म्हणून कामातून जे पक्कं कळलं, ते सांगतो.

१. आधी गिझर बाहेर काढा, मग अलार्मचं बघा.
कोंदट बाथरूममध्ये बर्नर पेटत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट जोरात धरून ठेवतं. आंघोळ करणाऱ्याला गरगरतं, हातापायांतलं बळ जातं आणि दाराची कडी काढणंही जमत नाही. त्यामुळे गिझर मोकळ्या ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावायचा आणि पाइपने गरम पाणी आत घ्यायचं. यात तडजोड नको.

२. अलार्म बाथरूममध्ये लावू नका.
वाफेने सेन्सर बिघडतो. अलार्मची जागा दाराबाहेर, पॅसेजमध्ये. पण गिझर आतच असेल तर बाहेरच्या अलार्मपर्यंत वायू पोहोचेतो आतल्या माणसाची शुद्ध हरपलेली असू शकते. पहिला मुद्दा पहिला आहे तो यासाठीच.

३. एलपीजीचा डिटेक्टर वेगळा, हा अलार्म वेगळा.
एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीलगत असतो. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि खोलीभर मिसळतो. एका घरी हा अलार्म सोफ्यामागे, खालच्या सॉकेटशेजारी लावलेला होता, वरून पडद्याची झालर. जाळीवर धुळीचा थर बसलेला. तिथे हवाच खेळत नव्हती, तर वायू कळणार कसा? तो काढला, पुसला आणि पॅसेजच्या भिंतीवर वर लावून दिला.

४. टेप घ्या आणि मोजून लावा.
गॅसचं उपकरण आहे त्या खोलीत अलार्म उपकरणापासून आडव्या अंतरात १ ते ३ मीटरवर हवा. छताला लावलात तर भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर सोडा. भिंतीवर लावलात तर छतापासून निदान १५ सेंटिमीटर खाली, पण दार-खिडक्यांच्या चौकटीपेक्षा वर. बेडरूममध्ये मात्र झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला. कपाटात, पडद्याआड, शेगडीच्या डोक्यावर, एक्झॉस्ट फॅन किंवा उघड्या खिडकीशेजारी कधीच नको. आणि अलार्मसोबत आलेला माहितीचा कागद फेकू नका. त्या मॉडेलबद्दल त्यात जे लिहिलंय तेच धरायचं.

५. आवाज अंथरुणापर्यंत पोहोचायला हवा.
भोक पाडण्याआधी मी अलार्म ठरवलेल्या जागी हाताने धरतो. घरातल्या एकाला बेडरूममध्ये झोपायला सांगतो, दार लावून, पंखा फुल्ल करून. मग टेस्टचं बटण दाबतो. आतून "आला आवाज" असं उत्तर आलं तरच ड्रिल चालू. आजी-आजोबांना ऐकू कमी येत असेल तर त्यांच्या खोलीत दुसरा अलार्म लागतोच. दुमजली घर असेल तर प्रत्येक मजल्यावर एक.

६. तो कधी वाजतो, हे समजून घ्या.
अलार्म वायूचं प्रमाण आणि वेळ दोन्ही बघतो. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ५० भाग असतील तर तो ६० ते ९० मिनिटांत वाजतो, १०० असतील तर १० ते ४० मिनिटांत आणि ३०० झाले की ३ मिनिटांच्या आत. खरेदी करताना खोक्यावर असं मानक छापलंय का, ते बघा. टेस्टच्या बटणाने बहुतेक मॉडेलांत बॅटरी आणि भोंगाच तपासला जातो, सेन्सर नाही. सेन्सरचं आयुष्य ठरलेलं असतं, ते संपलं की अख्खा अलार्म बदलायचा. ती तारीख मी मार्करने ठळक लिहून देतो.

७. वाजला की खात्री करत बसू नका.
गिझर, शेगडी बंद करा, जाता जाता दार-खिडक्या सताड उघडा आणि सगळे बाहेर पडा. कुणाला त्रास होत असेल तर १०८ ला फोन लावा. घरातल्या सगळ्यांचंच एकाच वेळी डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर आल्यावर बरं वाटतंय, तर अलार्म नसला तरी हाच संशय घ्या. दवाखान्यात "कार्बन मोनॉक्साइड असेल" हे स्वतःहून सांगा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर अशा वेळी चांगला आकडा दाखवू शकतो. खरं काय ते रक्ततपासणीत कळतं.

८. कोळशाच्या शेगडीला कुठलाच अलार्म पुरा पडत नाही.
थंडीत बाळंतिणीच्या खोलीत किंवा गावच्या घरी दार लावून निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. धूर दिसत नाही, म्हणून धोका नाही असं वाटतं. पण धुमसता कोळसा हा वायू भरपूर सोडतो. झोपण्याआधी शेगडी घराबाहेर गेलीच पाहिजे.

तुमचा गिझर अजून बाथरूममध्येच असेल तर याच आठवड्यात फिटरला बोलवा. तो येईपर्यंत आत गिझर पेटवू नका. पाणी स्वयंपाकघरात खिडकी उघडी ठेवून तापवा आणि बादलीने न्या.