अनेक मार्गांची एकच नोंद

भारतीय टपाल खात्याने १९७२ साली सहा अंकी पिनकोड प्रचारात आणला. त्यातील पहिला अंक देशाचा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरण जिल्हा व शेवटचे तीन अंक टपालकचेरी दर्शवितात. गुवाहाटीत पत्रांची वर्गवारी करणाऱ्यास पुण्यातील पेठा ठाऊक असण्याचे कारण नाही; आरंभीचे अंक पाहून पत्र योग्य दिशेस धाडले की त्याचे काम संपले. संगणकांच्या जाळ्यांतही हीच युक्ती योजिली जाते. तिला मार्गसंक्षेप म्हणता येईल.

जाळी जेथे एकमेकांस मिळतात तेथे राउटर नावाची यंत्रे असतात. आलेल्या संदेशखंडावरील पत्ता वाचून तो कोणत्या वाटेने पुढे पाठवावयाचा, हे राउटर आपल्या मार्गसारणीवरून ठरवितो. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ द्विमान अंकांचा, म्हणजे केवळ ० व १ यांचा, असून सोयीसाठी तो आठ-आठ अंकांच्या चार गटांत दशमान संख्यांनी लिहितात. पूर्वी हे पत्ते ठराविक आकारांच्या वर्गांतच वाटले जात. कोणास २५६ पत्ते अपुरे पडले, तर पुढचा वर्ग एकदम ६५,५३६ पत्त्यांचा! म्हणून लहान गटच अनेक द्यावेत, तर तितक्या नोंदी जगभरच्या सारण्यांत वाढत. १९९३ साली हे वर्ग मोडीत काढून, पत्त्याचे आरंभीचे हवे तितके अंक जाळ्याचे मानण्याची पद्धती स्वीकारली गेली.

यूट्यूब या चित्रफितींच्या संस्थेकडे २००८ साली असलेले काही पत्ते उदाहरणादाखल घेऊ. २०८.६५.१५२, १५३, १५४ व १५५ यांनी आरंभ होणारे, प्रत्येकी २५६ पत्त्यांचे हे चार गट. द्विमान पद्धतीत १५२ म्हणजे १००११०००, १५३ म्हणजे १००११००१, १५४ म्हणजे १००११०१० आणि १५५ म्हणजे १००११०११. चारही संख्यांचे पहिले सहा अंक एकच आहेत. आधीच्या दोन गटांचे १६ अंक त्यांत मिळविले की २२ समान अंक होतात. म्हणून चार नोंदींऐवजी २०८.६५.१५२.०/२२ ही एकच नोंद पुरते. तिच्यात १,०२४ पत्ते सामावतात. आतील एखादा गट क्षणभर बंद पडून पुन्हा चालू झाला, तरी बाहेरच्या सारण्यांना त्याची झळ लागत नाही, हा आणखी एक लाभ. मात्र कोणत्याही चार लगतच्या संख्या चालत नाहीत. १५३ ते १५६ घेतल्यास १५६ म्हणजे १००१११०० होय; त्याचा सहावा अंकच निराळा असल्याने हा संच एका नोंदीत बसत नाही.

एकाच पत्त्यास दोन नोंदी लागू पडल्या, तर जिचे अधिक अंक जुळतात ती राउटर ग्राह्य मानतो. संक्षेपाला अपवाद ठेवता यावा म्हणून हा नियम आवश्यकच आहे. पण त्यात धोकाही आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब आपल्या देशापुरते बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ ही नोंद केली. ती देशाबाहेर निसटली आणि वरच्या मोठ्या जाळ्याने ती न पारखता जगभर पसरू दिली. यूट्यूबची नोंद २२ अंकांची, ही २४ अंकांची. साहजिकच जगातील राउटरांनी दुसरी मानली. सुमारे दोन तास यूट्यूबकडे निघालेले संदेश अनेक देशांतून भलतीकडेच जात राहिले. यूट्यूबने प्रथम तीच २४ अंकी नोंद स्वतः जाहीर केली, मग तिचे दोन तुकडे करून २५ अंकांच्या दोन नोंदी केल्या. अखेर वरच्या जाळ्याने चुकीची नोंद मागे घेतली, तेव्हा मार्ग पूर्ववत झाले.

आता पत्त्यांचा कोणता संच कोणत्या जाळ्याने व जास्तीत जास्त किती अंकांपर्यंत जाहीर करावा, याची सांकेतिक सहीनिशी नोंद ठेवता येते. जी जाळी ती पडताळून पाहतात, ती अशी आगंतुक नोंद दारातच नाकारतात. सर्वच जाळी मात्र ती पडताळीत नाहीत.