सांडपाणी प्रक्रिया तंत्रज्ञानाचे पर्यावरणीय मूल्यमापन : कानपूरचा अनुभव

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या नागरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती केवळ २०,२३६ दशलक्ष लिटरवर. परीक्षार्थी हे आकडे लक्षात ठेवतात, ते योग्यच आहे. परंतु प्रक्रिया कोणत्या तंत्राने होते आणि त्या तंत्राचे स्वतःचे पर्यावरणीय परिणाम कोणते, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. पाण्यातून काढलेली घाण नाहीशी होत नाही. तिचा काही भाग वायुरूपाने हवेत जातो, काही गाळात उतरतो आणि उरलेला नदीत वा शेतात पोहोचतो. या सर्व वाटांचा हिशेब मांडणे म्हणजे मूल्यमापन होय.

त्यासाठी जीवनचक्र मूल्यमापन ही पद्धत वापरली जाते. आयएसओ १४०४० या मानकानुसार तिचे चार टप्पे आहेत : उद्दिष्ट व व्याप्ती ठरविणे, आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या सर्व घटकांची नोंद करणे, त्यांच्या परिणामांचे मोजमाप करणे आणि शेवटी अन्वयार्थ लावणे. यांपैकी पहिल्या टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वास्तविक निष्कर्ष बहुतांशी तेथेच ठरतो. अभ्यासाची सीमा केंद्राच्या कुंपणाशी थांबविली तर एक तंत्र सरस दिसते. औष्णिक वीजकेंद्र आणि गाळाचे अंतिम ठिकाण सीमेच्या आत घेतले, की चित्र पालटू शकते.

एका शहरात दोन तंत्रे

१९८५ मध्ये मंजूर झालेल्या गंगा कृती योजनेअंतर्गत कानपूरच्या जाजमऊ भागात दोन भिन्न तंत्रांची केंद्रे उभी राहिली. घरगुती सांडपाण्यासाठी दररोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र सक्रियित गाळ पद्धतीचे होते. या पद्धतीत टाकीत सतत हवा सोडून जिवाणूंना प्राणवायू पुरविला जातो. केंद्राला लागणाऱ्या विजेचा सर्वांत मोठा हिस्सा या कामी खर्च होतो आणि वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाल्यास जिवाणूंचे कार्यच मंदावते. दुसरे, ३६ दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र १९९४ मध्ये भारत-नेदरलँड्स सहकार्यातून सुरू झाले. तेथे चर्मोद्योगाचे एक भाग सांडपाणी तीन भाग घरगुती सांडपाण्यात मिसळून ‘यूएएसबी’ टाकीत खालून वर सोडले जाई. या पद्धतीत हवा लागत नाही. प्राणवायूविना जगणारे जिवाणू सेंद्रिय द्रव्यापासून मिथेन बनवितात. वीज वाचते आणि गाळही कमी निघतो. मात्र बाहेर पडणारे पाणी बहुधा विहित मानकांइतके स्वच्छ नसते, म्हणून पुढे आणखी प्रक्रिया करावी लागते.

वरवर पाहता दुसरे तंत्र हवामानाच्या दृष्टीने सरस वाटते. ते तपासण्यासाठी दररोज दहा लाख लिटर पाण्याचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. रासायनिक प्राणवायू मागणी ३०० किलोने घटली, तर जास्तीत जास्त ७५ किलो मिथेन तयार होतो. त्यातील २५ किलो पाण्यात विरघळून वा गळतीने हवेत गेला आणि मिथेनची तापनक्षमता शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरली, तर हे उत्सर्जन ७०० किलो होते. उरलेल्या ५० किलोपासून सुमारे २०० युनिट वीज मिळेल. प्रतियुनिट ०.७ किलो उत्सर्जन धरल्यास १४० किलोची बचत होते आणि निव्वळ भार ५६० किलो उरतो. याउलट सक्रियित गाळ पद्धतीला २५० युनिट वीज लागली, तरी तिचे उत्सर्जन १७५ किलोच भरते. आता गळती केवळ ५ किलोवर आणली, तर यूएएसबीचा निव्वळ भार शून्याच्याही खाली जातो. म्हणजे निवाडा तंत्राच्या नावावरून होत नाही. वायू किती काटेकोरपणे गोळा केला जातो, यावर तो अवलंबून असतो.

कार्बनपलीकडचा हिशेब

जाजमऊत आणखी एक गुंतागुंत होती. कातडे कमावण्यासाठी क्रोमियम सल्फेट हे लवण वापरतात. त्यातील सल्फेट प्राणवायूरहित टाकीत गेले की सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन बनविणाऱ्या जिवाणूंशी सेंद्रिय द्रव्यासाठी स्पर्धा करतात. परिणामी मिथेन घटतो आणि हायड्रोजन सल्फाइड हा दुर्गंधीयुक्त, विषारी व धातू गंजविणारा वायू निर्माण होतो. त्याच लवणातील क्रोमियम जिवाणूंकडून विघटित होत नाही. ते मुख्यतः गाळात साचते. शेणखतासारखा शेतात टाकता येईल असा हा गाळ उरत नाही आणि त्याची विल्हेवाट हा स्वतंत्र खर्च होऊन बसतो.

केंद्रातून निघालेले पाणी कालव्याने परिसरातील शेतीला दिले जात असे. नदीच्या दृष्टीने ही जमेची बाजू आणि शेतकऱ्याला पाण्यासोबत नत्र-स्फुरदही मिळते. पण क्रोमियम व क्षार त्याच वाटेने जमिनीत शिरतात. उत्सर्जनातील बचतीतून जमिनीतले क्रोमियम वजा करता येत नाही, कारण दोहोंचे एककच वेगळे. त्यांना गुण देऊन एकच आकडा काढणारे अहवाल असतात. तेथे गुण कोणी व कोणत्या आधारे दिले, हे विद्यार्थ्याने आधी पाहावे. क्रोमियमयुक्त पाणी चर्मोद्योगाच्या आवारातच वेगळे करून क्रोमियम परत मिळविणे, हा उपाय प्रक्रिया केंद्राच्या कुंपणाबाहेरचा आहे. अभ्यासाची सीमा कुंपणापाशी आखली, तर तो तुलनेत येतच नाही.