खिजविणे आणि खिन्न होणे

शास्त्रपाठ : इफिस. ६:४, कलस्सै. ३:२१

आपण बडोद्याचे मराठी लोक घरात ‘खिजविणे’ म्हणतो, तर आपले गुजराती शेजारी ‘खीजववुं’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच घराण्यातले. संस्कृत ‘खिद्’ धातूच्या ‘खिद्यते’ या रूपाचे प्राकृतात ‘खिज्जइ’ झाले व त्यातून हे शब्द आले. या धातूच्या मुळाशी राग नाही. दुःखी होणे, खचणे हा त्याचा अर्थ आहे. ‘खेद’ व ‘खिन्न’ ही त्याचीच भावंडे.

मुलांना चिरडीस आणू नये, असा बोध पौल बापांना दोन पत्रांत करतो. आपल्या मराठी शास्त्रात दोन्हीकडे शब्द एकच असला, तरी मूळ ग्रीक क्रियापदे निराळी आहेत. इफिसकरांस लिहिताना ‘पारॉर्गिझो’ आहे. त्यात ‘ऑर्गे’ म्हणजे क्रोध हा शब्द आहे. कलस्सैकरांस ‘एरेथिझो’, म्हणजे डिवचणे. आणि तेथे पौल कारणही देतो : मुले खिन्न होतील, त्यांची उमेद जाईल. म्हणजे पौलाने दिलेला इशारा आपल्या ‘खिजविणे’ या शब्दाच्या मुळातच दडलेला आहे.

हे आम्ही उशिरा शिकलो. आमच्या शब्बाथशाळेत गुजराती माध्यमाचा एक मुलगा मराठी वचने लिहिताना अक्षरांवर रेघ देत नसे. “तुझी अक्षरे बोडकी!” असे आम्ही थट्टेने म्हणत असू. वर्ग हसे, तो चिडे. काही आठवड्यांनी त्याचे चिडणे थांबले. मुलगा शहाणा झाला, असे आम्हांस वाटले. पुढे ध्यानात आले की, त्याने वचन मोठ्याने वाचणेही सोडले होते. राग गेला होता आणि खिन्नता आली होती. आम्ही त्याची क्षमा मागितली. परंतु पुन्हा वाचण्यास त्याला बरेच दिवस लागले.

हेच ‘एरेथिझो’ क्रियापद २ करिंथ. ९:२ मध्ये चांगल्या अर्थाने आले आहे. करिंथकरांच्या दानाच्या आस्थेने मासेदोनियातील पुष्कळांना हुरूप आला. डिवचणारी जीभ हुरूपही देऊ शकते.

शिक्षकबंधुभगिनींनो, येत्या रविवारी वर्गात कोण गप्प बसला आहे, ते पाहू या. तो शांत आहे की खिन्न? आणि खिन्न असेल, तर त्याला खिजविणारे आपणच तर नव्हतो ना?