शासकीय खरेदी आणि आपला लघुउद्योग

शासन हे देशातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. रुग्णालयातील चादर, शिपायाच्या पायातील बूट, रेल्वेच्या कारखान्यात लागणारे नट-बोल्ट, कचेरीची साफसफाई हे सारे शासन कोणाकडून तरी विकत घेते. शासकीय नोकरीतील आपल्या वाट्याची चर्चा आपल्याकडे घरोघरी होते, पण शासकीय खरेदीतील वाट्याची चर्चा क्वचितच होते. वास्तविक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना जे निवेदन सादर केले, त्यात नोकऱ्या व शिक्षण यांच्या जोडीला सरकारी बांधकाम खात्याच्या कंत्राटांचाही प्रश्न मांडला होता. आज नोकरभरती आटत चालली असताना या दुसऱ्या दाराकडे आपल्या तरुणांनी पाहिले पाहिजे. म्हणून या विषयाची तोंडओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

कायद्याने काय दिले आहे?

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ साली झाला. त्याच्या आधारे केंद्र शासनाने २०१२ साली सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. १ एप्रिल २०१५ पासून त्यातील उद्दिष्ट बंधनकारक झाले आणि २०१८ च्या दुरुस्तीने ते वाढविण्यात आले. त्यानुसार केंद्राची मंत्रालये, खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून व्हावी, असे उद्दिष्ट आहे. चेंबूरची राष्ट्रीय केमिकल्स, नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स, मध्य रेल्वेचे परळ व माटुंगा येथील कारखाने अशा आपल्या जवळच्या आस्थापनांनाही हे धोरण लागू आहे. राज्य शासनाच्या खरेदीचे नियम वेगळे असतात, ते स्वतंत्रपणे पाहावे लागतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग निविदेत उतरलेच नाहीत, किंवा अटी व दर यांत बसले नाहीत, तर ते ४ टक्के इतर लघुउद्योगांकडून भरून काढण्याची मुभा त्याच आदेशात आहे. म्हणजे हा वाटा कोणी आपल्यासाठी राखून ठेवलेला नाही. आपण गेलो नाही तर तो दुसऱ्याकडे जातो.

नोंदणी व दाखले

पहिली पायरी म्हणजे उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू आहे. आधार व पॅन यांच्या आधारे ती संगणकावर होते आणि तिला शुल्क नाही. त्यामुळे दलालाला पैसे देऊ नयेत. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी व उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, तर गुंतवणूक २५ कोटी व उलाढाल १०० कोटींपर्यंत असलेला उद्योग लघु समजला जातो. आपल्यापैकी बहुतेकांचे उद्योग सूक्ष्म या वर्गातच मोडतील.

अनुसूचित जातीचा उद्योग म्हणून मान्यता मिळण्यासाठी एकट्याची मालकी असल्यास मालक स्वतः त्या वर्गातील असावा लागतो. भागीदारीत वा खाजगी कंपनीत किमान ५१ टक्के हिस्सा त्या वर्गातील व्यक्तींचा असावा लागतो. बौद्ध धर्मांतरितांचा अनुसूचित जातींत समावेश करणारी दुरुस्ती संसदेने १९९० साली केली, त्यामुळे या धोरणाचा लाभ आपल्या बांधवांना मिळू शकतो. मात्र जातीचा दाखला हाताशी हवा. निविदेची मुदत संपत आली असताना तहसील कचेरीत खेटे घालून भागत नाही.

केंद्राची बरीचशी खरेदी २०१६ साली सुरू झालेल्या ‘जेम’ या बाजारपेठेतून संगणकावर होते, तर महाराष्ट्र शासनाच्या निविदा ‘महाटेंडर्स’वर पाहावयास मिळतात. निविदा भरण्यासाठी डिजिटल स्वाक्षरी लागते, तीही आधीच काढून ठेवावी. २०१६ सालीच राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब ही योजना सुरू झाली. राष्ट्रीय लघुउद्योग निगमामार्फत तिचे काम चालते. मार्गदर्शनासाठी तेथे अवश्य जावे.

सवलती व त्यांच्या मर्यादा

नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगास निविदेचे कागद विनामूल्य मिळतात आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. काम मिळाल्यानंतरची सुरक्षा अनामत मात्र चुकत नाही. पादत्राणे, कातड्याच्या व कापडाच्या पिशव्या यांसारख्या ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यावयाच्या आहेत. या सवलती स्वतः माल बनविणाऱ्यास किंवा सेवा देणाऱ्यास आहेत. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास त्या मिळत नाहीत आणि बांधकामाच्या कंत्राटांनाही हे धोरण लागू नाही.

सर्वांत महत्त्वाची सवलत दरासंबंधी आहे. सर्वांत कमी दर एखाद्या मोठ्या उद्योगाचा असेल आणि आपला दर त्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर आपण त्या कमी दरास तयार झाल्यास आणि काम विभागता येण्याजोगे असल्यास, त्यातील २५ टक्के काम आपल्यासारख्या लघुउद्योगांना मिळू शकते. ऐकावयास हे फार गोड वाटते. पण बँकेत खतावण्या पाहण्यात आमची वर्षे गेली असल्यामुळे येथे थोडे गणित मांडतो.

समजा, ४०० सौर दिव्यांची निविदा आहे. मोठ्या कंपनीचा दर १०,००० रुपये, आपला ११,२००. आपण १०,००० ला तयार झालो आणि १०० दिवे आपल्या वाट्याला आले. कर बाजूला ठेवू. प्रत्येक दिव्यामागे सामान व मजुरी ९,१०० आणि वाहतूक, तपासणी ६०० रुपये, म्हणजे ९,७०० झाले. वरवर पाहता ३०० रुपये नफा दिसतो. परंतु सामान घेतल्यापासून बिल मिळेपर्यंत तीन महिने गेले, तर १२ टक्क्यांनी दिव्यामागे २९१ रुपये व्याज होते. हाती उरतात ९ रुपये. बिल सहा महिन्यांनी मिळाले तर व्याज ५८२ रुपये होऊन दिव्यामागे २८२ रुपयांचा तोटा होतो, म्हणजे १०० दिव्यांमागे २८,२०० रुपये पदरचे गेले. सवलतीने दार उघडते, पण आत टिकायचे तर आपला उत्पादनखर्च व्याजासह पैपर्यंत माहीत हवा. दर कमी करण्यापूर्वी हे गणित कागदावर मांडावे, आणि परवडत नसेल तर ती निविदा खुशाल सोडून द्यावी.

बिलाचे पैसे

बिल अडकले म्हणून हात जोडून बसण्याचे कारण नाही. वरील अधिनियमाप्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, पैसे दिले पाहिजेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. पैसे न मिळाल्यास राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. मात्र नोंदणी ऑर्डर घेण्यापूर्वीची असावी आणि खरेदी आदेश, पोच पावती, माल स्वीकारल्याची सही व बिलाची प्रत जपून ठेवलेली असावी. तोंडी शब्दावर माल देणाऱ्याच्या हाती तक्रारीला काहीच उरत नाही.

नाव कोणाचे, काम कोणाचे?

शेवटी एका कटू गोष्टीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. सवलत आली की तिच्यामागे दुसऱ्याचे नाव वापरू पाहणारेही येतात. “तुम्ही फक्त सही करा, घरबसल्या टक्केवारी मिळेल,” असे सांगत ते आपल्या तरुणांकडे येतात. कागदावर ५१ टक्के आपले आणि तिजोरीची किल्ली त्यांची, असा हा व्यवहार असतो. यात कर्ज आपल्या नावावर चढते, निकृष्ट मालाबद्दल काळ्या यादीत आपले नाव लागते, कराची नोटीस आपल्या घरी येते आणि हातात कसब मात्र काहीच येत नाही. शिवाय जो बांधव खरोखर भट्टीपुढे घाम गाळतो, त्याचे काम आपण हिरावून घेतो ते वेगळेच.

यास्तव आमची सूचना अशी की, संस्थेने वर्षातून दोनदा नोंदणी व निविदा यांचे मार्गदर्शन शिबिर घ्यावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील कारागिरांना उत्पादनखर्चाचा तक्ता व निविदेचे कागद तयार करून द्यावेत. विद्यार्थ्याचा अभ्यास होईल आणि कारागिराची निविदा वेळेत जाईल. पहिले काम लहान घ्यावे, ते चोख व वेळेवर द्यावे. पुढच्या निविदेत अनुभवाचा दाखला म्हणून तेच उपयोगी पडते.