क्लिप एक खाच वर

पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो तेव्हा माझी आरएक्स १०० कधी नव्हे इतकी तिखट पळत होती. तिसरा गिअर, अर्ध्याहून थोडी जास्त रेस, आणि गाडी अगदी हलकी. चार-पाच वळणं झाल्यावर इंजिनातून टाचण्या सांडाव्यात तसा बारीक टणटण आवाज यायला लागला. मी रेस वाढवली. त्याच वळणावर मागचं चाक जाम झालं. क्लचवर दोन बोटं ठेवायची सवय होती म्हणून लिव्हर वेळेत दाबला गेला. मागून एसटी येत होती.

सिलिंडर उघडला. सायलेन्सरच्या बाजूने पिस्टनवर उभे ओरखडे, रिंगा चिकटलेल्या. प्लगचं चिनीमातीचं टोक खडूसारखं पांढरं आणि त्यावर ॲल्युमिनियमचे चकाकणारे बारीक ठिपके. हवा जास्त, पेट्रोल कमी, याची ती खूण. ५० मिलिमीटरचा बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागला.

चूक महिनाभर आधीची होती, आणि माझी होती. गावात कमी रेसवर गाडी झटके द्यायची. प्लग काळा निघाला, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, असं धरून मी कार्बोरेटरमधल्या नीडलची क्लिप एक खाच वर घेतली. क्लिप वर गेली की नीडल खाली बसते आणि पेट्रोल कमी होतं. पिकअप सुधारला, ॲव्हरेज वाढलं, मी खूश. झटके मात्र गेले नाहीत. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. प्लग काळा होता तो संथ फेऱ्यांमुळे आणि टू-स्ट्रोक ऑइलमुळे. खरं दुखणं कार्बोरेटर जिथे बसतो त्या रबरात होतं. वरून धड दिसणारं ते रबर वाकवलं की खालच्या बाजूला नखभर चीर उघडायची. तिथून फुकटची हवा आत जात होती आणि मी वर पेट्रोलही तोडलं होतं.

पेट्रोल कमी पडणारी गाडी बिघडण्याआधी छान पळते. यातच माणूस फसतो.

म्हणून नीडलला किंवा जेटला हात लावण्याआधी साध्या गोष्टी बघा: चेनचा ढिलेपणा, एअर फिल्टर, रेसच्या केबलचा खेळ. मग इंजिन आयडलवर ठेवून त्या रबराभोवती कार्ब क्लीनरचा बारीक फवारा द्या, पण गरम सायलेन्सरवर उडू देऊ नका. आयडल बदललं तर हवा शिरतेय.

त्यानंतर रेसच्या मुठीला आणि तिच्या शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर पांढरी पट्टी चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. झटका नेमका कुठे येतो ते चालवून बघा. पावाच्या आत येत असेल तर पायलट जेट आणि एअर स्क्रू, पाव ते पाऊण असेल तर नीडल, त्यापुढे मेन जेट. हद्दी थोड्या एकमेकींत मिसळतात, पण अंदाजापेक्षा ही खूण कितीतरी भरवशाची. एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा आणि प्लग बघा. कॉफीसारखा तपकिरी हवा. फिल्टर किंवा सायलेन्सर मोकळा केला असेल तर मेन जेट पुन्हा तपासल्याशिवाय घाट चढू नका.

आणखी एक, आजच्या पेट्रोलबद्दल. एक भाग शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ पुरते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुना कार्बोरेटर जेट न बदलताच हवेच्या बाजूला झुकतो. जुन्या गाडीत क्लिप वर घेण्याची चैन आता अजिबात परवडणारी नाही.

तुमची गाडी कमी रेसवर झटके देत असेल तर आज संध्याकाळी, इंजिन गार असताना, ते रबर खालून वाकवून बघा.