एका काडीवर किती पानं?

१. झाडाखाली मान वर करून पानं मोजू नयेत. मोजायची ती काडीवरची. काडी म्हणजे यंदाच फुटलेली डहाळी. पिंपळे गुरवात पावसाळी वाऱ्याला अशा डहाळ्या रस्त्यावर पडतातच. चाकणला क्वालिटी कंट्रोलमध्ये माझी नोकरी, त्यामुळे घरात व्हर्निअर कॅलिपर आहे. काडीची जाडी आणि लांबी घेतली की घनफळ निघतं. पान आलेखाच्या कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची आणि चौकोन मोजायचे. सागाच्या पानाला चार-चार कागद जोडावे लागतात, आणि कोवळं असेल तर बोटं लाल होतात ती वेगळीच.

२. पान कशाला म्हणायचं ते आधी ठरवावं. सगळा गोंधळ इथेच होतो. देठ फांदीला जिथं चिकटतो तिथं बगलेत डोळा, म्हणजे न उमललेला अंकुर, असतो. डोळा असेल तर ते पान, नसेल तर ती पर्णिका, म्हणजे पानाचा नुसता एक भाग. पळसाला पानं तीनच, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतो, पण त्या तिघांच्या बुडाशी डोळा शोधून बघा. सापडत नाही. तिन्ही मिळून पान एकच! चिंचेच्या एका पानात पर्णिकांच्या दहा ते वीस जोड्या असतात. गुलमोहराची पर्णिका नखाएवढी, पान मात्र हातभर. अंगण झाडणाऱ्याला हा भेद पटणार नाही, पण हिशेबाला तो लागतोच.

३. हिशेब असा : काडीचं घनफळ सारखं धरलं तर पान जितकं मोठं तितकी पानांची संख्या कमी. डेबोरा क्लाइमन आणि लॉनी आर्सेन या संशोधकांनी कॅनडातल्या पानगळीच्या झाडांवर हे मोजून २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. पान दुप्पट, तर संख्या साधारण निम्मी. कारण साधं आहे. पानांना पाणी पोचवायचं आणि त्यांचा भार पेलायचा तो काडीनंच. ती पोसणार किती? साग आणि करंज शेजारी ठेवले की हे दिसतं.

४. जाड काडीचं झाड फांद्या कमी फोडतं आणि पानं मोठी धरतं. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ कॉर्नर यांनी १९४९ मध्येच हे मांडलं होतं. सोसायटीच्या फाटकाजवळचा पांढरा चाफा पाहावा : अंगठ्याएवढी जाड फांदी आणि टोकाला पानांचा झुबका. बाभळीत सगळं उलट.

५. लहान पानं पुष्कळ, म्हणजे डोळेही पुष्कळ. प्रत्येक डोळ्यातून पुढे फांदी किंवा फूल येऊ शकतं. लहान पानांचा खरा फायदा हाच, असं आर्सेन यांचं म्हणणं. मला ते निम्मंच पटतं. विजेच्या तारांखाली छाटलेली चिंच भराभर फुटते हे खरं, पण सागाचा बुंधाच तोडला तरी त्यातून जोमदार धुमारे येतात. सालीखाली निजलेले डोळे काडीवरच्या मोजणीत येत नाहीत.

६. रोपावरून झाडाचा अंदाज बांधू नये. सागाच्या रोपाची पानं थोराड झाडाच्या पानांपेक्षा मोठी असतात. एकाच झाडावर उन्हातलं पान लहान आणि जाड, सावलीतलं रुंद आणि पातळ. म्हणून वहीत आधी झाडाचं वय आणि काडी वरची की खालची ते लिहितो, पानाचा आकडा मागाहून.