खारपाणपट्ट्यातल्या बोअरमधून लिथियम निघेल का?

प्रश्न : माझी बहीण दर्यापूरकडे दिली आहे. तिथल्या बोअरचं पाणी इतकं खारं, की त्यात डाळ शिजत नाही. खाऱ्या पाण्यात इलेक्ट्रोड बुडवून बॅटरीचं लिथियम काढतात, असं वाचलं. मग तिच्या बोअरमधून ते निघेल का?
– एक वाचक, फोपनार (जि. बऱ्हाणपूर)

उत्तर : पाणी खारं लागतं ते मुख्यतः सोडियममुळे. लिथियम त्याचाच भाऊबंद, आणि तुम्ही केळीला देता त्या पोटॅशमधलं पोटॅशियमही त्याच घरातलं. पण खारेपणा जास्त म्हणजे लिथियमही जास्त, असा हिशेब नाही. समुद्राचंच बघा. एक लिटर पाण्यात सोडियम दहा ग्रॅमच्या वर, आणि लिथियम एका मिलिग्रॅमचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा. एक किलो लिथियमसाठी सुमारे ५९ लाख लिटर पाणी लागेल, तेही त्यातला कणन्‌कण हाती लागला तर. चिलीतल्या अटाकामा खारपठाराखालचं पाणी याच्या हजारो पट श्रीमंत आहे. म्हणून तिथे आपल्या मिठागरांसारखी तळी करून वर्ष-दीड वर्ष ते उन्हात आटवणं परवडतं.

आता इलेक्ट्रोड. समुद्रात लिथियमच्या एका आयनामागे सोडियमचे जवळपास वीस हजार आयन असतात. त्या गर्दीतून एकालाच आत घ्यायचं, ही खरी अडचण. त्यासाठी आयर्न फॉस्फेट वापरतात. ई-रिक्षांच्या नव्या बॅटऱ्यांतला हाच पदार्थ. शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी अक्षय पाढी यांनी तो १९९७ मध्ये पुढे आणला. त्याच्या स्फटिकात अरुंद बोळ असतात. वीज दिली की त्यातलं लोह इलेक्ट्रॉन घेतं आणि तोल राखायला पाण्यातला एखादा धन आयन बोळात शिरतो. लिथियम तिथे बेताचं मावतं. सोडियम त्याच्याहून तिसऱ्या हिश्शाने मोठं, त्यामुळे अडखळतं. मॅग्नेशियम आकाराने लिथियमएवढंच, पण त्याच्यावर दुप्पट भार असल्याने ते अंगाभोवतीचे पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतं, सोडायला तयार होत नाही. नंतर इलेक्ट्रोड स्वच्छ पाण्यात ठेवून वीज उलटी फिरवली की लिथियम बाहेर येतं.

तरी सोडियम घुसतंच, आणि स्फटिकाला ताण देतं. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या चमूने यावर सुंदर तोड काढली. वीज सलग न देता थांबून थांबून दिली, आणि इलेक्ट्रोडवर टायटॅनियम ऑक्साइडचा पातळ थर चढवला. खऱ्या समुद्राच्या पाण्यातून त्यांना एका लिथियममागे एकच सोडियम मिळालं. वीस हजारांवरून एकावर! मला ही अलीकडच्या रसायनशास्त्रातली फार मोठी कामगिरी वाटते. पण त्यांनी हे दहा वेळा करून दाखवलं. धंद्याला इलेक्ट्रोड हजारो फेऱ्या टिकायला हवा. पुढे शिकागोत असं दिसलं, की कणांच्या आकारावरही निवड अवलंबून असते : फार बारीक किंवा फार मोठे कण सोडियमला जास्त वाट देतात, मधले बरे.

तेव्हा ताईंच्या बोअरबद्दल माझं मत स्पष्ट आहे : लिथियमसाठी त्या पाण्यावर पैसा लावू नये. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या, दर्यापूरकडच्या माणसांची पहिली गरज गोड पाणी आहे, आणि भूजलातून खारं पाणी उपसून टाकायचं तर ते कुणाच्या शेतात जाईल, हाही प्रश्न आहे. उलट वापरून संपलेल्या बॅटऱ्या विरघळवून जो द्रव मिळतो, त्यात लिथियम कितीतरी दाट असतं. आपल्याकडे हे तंत्र आधी तिथे लावावं.

तरीही मोजायला हरकत नाही. बोअर दहा मिनिटं चालू ठेवा, मग स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत नमुना भरा. माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सोडियम-पोटॅशियम मोजायला फ्लेम फोटोमीटर असतो. योग्य फिल्टर असेल तर तोच लिथियमही मोजतो. तेवढं विचारून घ्या, आणि आकडा आला की मला जरूर कळवा.